एका घोटाचा गुन्हा

१

लग्न ठरलं म्हणून दिलेल्या जेवणात आमचे भाऊजी हेडमास्तरांच्या फुलझाडाच्या कुंडीत ओकले, आणि ते लग्न तिथेच मोडलं.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. बुटांचे तळवे बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात ते कामाला आहेत. हेडमास्तर म्हणजे मुलीचे वडील. निवृत्त होऊन बराच काळ लोटला, तरी सगळं जग त्यांना अजून पाचवीचा वर्ग वाटतो. मुलीला मी पहिल्या भेटीपासूनच जाऊबाई म्हणते, कारण ती मला आवडली होती आणि मला घाई झाली होती.

झालं ते इतकंच. जेवणाआधी हेडमास्तरांच्या भावाने सगळ्यांच्या हाती वाइनचे छोटे पेले दिले. भाऊजी पीत नाहीत. पण सासरची माणसं समोर उभी, नाही कसं म्हणणार? त्यांनी एक घोट घेतला. ताटं मांडून होईपर्यंत त्यांचे कान लाल झाले. मग गाल, मग मान, मग सदऱ्याच्या उघड्या गुंडीतून दिसणारी छाती. कोणीतरी रंगाचा ब्रश फिरवत खाली न्यावा तसा तो लालपणा उतरत गेला. ते माझ्या कानाशी पुटपुटले, "वहिनी, छातीत नगारा वाजतोय." आणि कुंडीकडे धावले.

हेडमास्तरांनी चष्मा काढला. ते चष्मा काढतात तेव्हा निकाल लागलेला असतो. म्हणाले, "एका घोटाने माणसाचं असं होत नाही. हा घरूनच पिऊन आलाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही भाऊजींना डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं, तर यकृत बिघडलेलं. डॉक्टरांनी मान वर न करता सांगितलं, "दारू सोडा." झालं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुनमास. हेडमास्तरांच्या कानावर ते जायला कितीसा वेळ लागणार? संध्याकाळी निरोप आला की व्यसनी माणसाला मुलगी द्यायची नाही.

मी भाऊजींना समोर बसवलं आणि सरळ विचारलं, "खरं सांगा, पिता का?"

"नाही, वहिनी."

"मग यकृताला काय झालं?"

"मला काय माहीत."

"माझ्यापासून काही लपवताय का?"

यावर मात्र त्यांनी तोंड फिरवलं. माझं केस कापायचं दुकान आहे. दिवसभर आरशातून लोकांचे चेहरे बघते. खोटं बोलणारा माणूस आरशात माझी नजर चुकवतो, आणि भाऊजी आरसा नसतानाही चुकवत होते.

मी मावशीला फोन केला.

२

माझी मावशी जन्मभर सरकारी प्रयोगशाळेत विषं तपासत आली. घरातली पोरं तिला विषमावशी म्हणतात आणि तिला त्याचा अभिमान आहे. शरीराने ऐसपैस, हसली की खुर्चीही हसते, आणि पाहुणी म्हणून आली की पहिला प्रश्न जेवायला काय आहे हाच. या वेळी मात्र तिने आधी रक्ताचा कागद मागितला.

"यकृत दुखावलं की रक्तात हे दोन आकडे चढतात," ती म्हणाली. "दारूने दुखावलेलं असेल तर बहुतेक वेळा हा वरचा आकडा खालच्याच्या बराच पुढे असतो. इथे खालचा पुढे आहे."

"म्हणजे दारू नाहीच?"

"म्हणजे तुमचे डॉक्टर घाईत होते. त्यापलीकडे आत्ता काही म्हणणार नाही. पोरगा जेवतो कसा?"

"अर्धं ताट टाकतो. पोटात दुखतं म्हणतो. आम्हाला वाटलं, प्रेमात आहे."

"प्रेमाने भूक मरते, यकृत नाही मरत," मावशी म्हणाली आणि भाऊजींच्या वाटणीचंही जेवली.

दुपारी मावशी माझ्याबरोबर दुकानात बसली होती, तेव्हा जाऊबाई आली. घरी केस कापायचं सांगून आली होती. मी तिला खुर्चीत बसवलं, अंगावर कापड टाकलं, म्हणजे बाहेरून कोणी पाहिलं तरी शंका नको. तिचे डोळे रडून सुजले होते, पण हनुवटी वर होती.

"तो पीत नाही," ती म्हणाली.

"कशावरून?" मावशीने विचारलं.

"रोज संध्याकाळी आम्ही फिरायला जातो. अगदी शेजारी चालतो. दारूचा वास मला कधी आला नाही." मग थोडी लाजली. "पूर्वी लसणाचा यायचा. आता तोही येत नाही."

"लसणाचा? तुला तो आवडत नव्हता?"

"मला त्याचं काही नव्हतं. मी त्याला कधी बोललेही नाही. म्हटलं यांच्याकडे स्वयंपाकात लसूण जास्त असेल."

माझा हात कात्रीवरच थांबला. "अगं, आमच्या घरात लसूण येतच नाही. सासूबाईंना त्याचा वाससुद्धा सहन होत नाही. त्या लसूण घातलेल्या भाजीच्या ताटावरून उठून जातात. मध्यंतरी भाऊजींवरही ओरडायच्या, बाहेर लसूण खाऊन येतोस म्हणून."

मावशी टेकून बसली होती ती सावरून बसली. तिच्या चेहऱ्यावर ते हसू आलं जे एरवी गोड पदार्थ बघून येतं.

"मग हा मुलगा लसूण खात होता तरी कुठे?" ती म्हणाली. "आणि सोडला कोणासाठी?"

३

सकाळी आम्ही कारखान्यात पोहोचलो तेव्हा थंडीने बोटं वळत नव्हती. भाऊजी आजारी म्हणून घरी होते, तेच बरं होतं.

काम बघायला गंमत वाटते. दोन पातळ रसायनं एका तोटीत एकत्र येतात, साच्यात पडतात आणि केकसारखी फुगून बुटाचा तळवा होतात. पण तोटीत थोडं जरी राहिलं तरी तेही फुगतं आणि तोटी बुजते. म्हणून दर थोड्या वेळाने फडकं द्रवात बुडवून तोटी पुसायची. भाऊजी आणि त्यांचा जोडीदार, दोघांचं हेच काम. जोडीदार सतत गातो, म्हणून सगळे त्याला गवय्या म्हणतात. लग्न ठरल्यावर यानेच भाऊजींना सर्वांत जास्त चिडवलं होतं, आणि भाऊजी गेले तर वरची जागा यालाच मिळणार होती. माझ्या मनात त्याच्याबद्दल पाल चुकचुकली होती, हे कबूल करते.

गवय्या मशीनशी नव्हताच. गरम पाण्याच्या टपात एक कॅन उभा करून तो शेजारी हात शेकत गात बसला होता.

"हे काय चाललंय?" मावशीने विचारलं.

"थोरली गोठलीय. वितळल्याशिवाय फडकं कशात बुडवू?"

"थोरली कोण?"

"हा पुसायचा द्रव. आम्ही थोरली म्हणतो. थंडी पडली की हिचा दगड होतो. रोज सकाळी मी असा बसतो. तुमचा भाऊजी मात्र हल्ली माझ्या आधी कामाला लागलेला असतो. लग्नाचा उत्साह, दुसरं काय."

मावशी त्याच्या इतकी जवळ वाकली की तो मागे सरकला. "काल लसूण खाल्ला होता का?"

गवय्या ओशाळला. "तुम्हीपण? बायको रोज हेच विचारते. मी शिवतसुद्धा नाही हो. माझा गळा आहे, गळ्याला जपावं लागतं."

तेवढ्यात मालकीणबाई आल्या. बाई कामाच्या, बोलायला तिखट. मावशी कोण हे कळल्यावर आणखी तिखट झाल्या.

"माझ्या कारखान्याकडे बोट दाखवायचं असेल तर एक सांगा. मशीन एक, हवा एक, द्रव एक. बाकीचे सगळे ठणठणीत, हा गातोय बघा. मग एकट्या त्याचंच यकृत का बिघडावं?"

"प्रश्न अगदी बरोबर आहे," मावशी म्हणाली. "मला तोच पडलाय. या द्रवाच्या आधी काय वापरत होतात?"

"धाकटी. थोरलीसारखीच, दोघींचं नाव डायमिथाइलनेच सुरू होतं. एकीच्या जागी दुसरी वापरा असा माल घेणाऱ्या कंपनीकडून आदेश आला, म्हणून बदलली. धाकटीचं एक पिंप उरलंय मागे. व्यापारी येऊन नेणार आहे."

मावशी मागच्या खोलीत गेली. कोपऱ्यात निळं पिंप होतं, झाकण घट्ट लावलेलं. तिने कलिंगड निवडावं तसं वरून खाली बोटांनी वाजवत नेलं. बराच वेळ पोकळ आवाज आला, मग एकदम भरीव.

"हे भरलेलं होतं?"

"काठोकाठ," मालकीणबाई म्हणाल्या. "मी स्वतः बंद करवून घेतलं होतं."

गवय्याचं गाणं थांबलं होतं.

४

मला वाटलं आता मावशी गवय्याला धरणार. ती म्हणाली, "हेडमास्तरांकडे चल."

हेडमास्तरांनी आम्हाला सरळ पाठीच्या खुर्च्यांवर बसवलं. जाऊबाई दाराशी उभी राहिली. तिला आत जा म्हणून सांगितलं, ती गेली नाही.

"माझा निर्णय बदलणार नाही," हेडमास्तर म्हणाले. "हजारो मुलं माझ्या हाताखालून गेली. मी माणूस ओळखतो."

"म्हणूनच आले," मावशी गोड आवाजात म्हणाली. "पहिल्या भेटीत मुलगा कसा वाटला होता?"

"नम्र. कष्टाळू. उगाच कशाला खोटं बोलू? एकच खोट होती. तोंडाला लसणाचा भपकारा. माझ्या समोर बसून बोलत होता आणि मला खिडकी उघडावी लागली."

"आणि नंतर?"

"नंतर सुधारला. अजिबात वास नाही. तेव्हा मला वाटलं, मुलाला शिस्त आहे."

"आपोआप सुधारला?"

हेडमास्तरांनी चष्म्याच्या काड्या नीट केल्या. "माणसाला सांगितलं की माणूस सुधारतो."

"कोणी सांगितलं?"

"हा प्रश्न इथे गैरलागू आहे."

दाराशी उभ्या जाऊबाईने वडिलांकडे पाहिलं. मावशी उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "उद्या सकाळी कारखान्यात या. तुमच्या मुलीला घेऊन."

"मी का यावं?"

"तुम्ही एका मुलाला नापास केलंय. त्याचा पेपर एकदा बघायला नको?"

या एका वाक्यावर हेडमास्तर अडकले. रस्त्यात मी मावशीचा दंड धरला. "तुला कळलंय. सांग ना."

"कोणी केलं ते कळलंय, का केलं तेही कळलंय. आता फक्त रात्री थंडी टिकायला हवी."

"थंडी कशाला?"

"माझा साक्षीदार उबेत तोंड उघडत नाही."

५

सकाळी सगळे जमले. मशीन बंद होतं. मालकीणबाई, गवय्या, हेडमास्तर, जाऊबाई, आणि एका स्टुलावर आमचे भाऊजी, चेहरा पडलेला. मावशीने खिडकीबाहेर ठेवलेल्या दोन बाटल्या आत आणल्या. काल संध्याकाळी तिनेच त्या भरून ठेवल्या होत्या, एक कॅनमधून आणि एक पिंपातून.

एक तिने उलटी केली. आतलं काही हललं नाही. थंडीतल्या खोबरेलासारखा पांढरा गोळा झाला होता. दुसरीतला द्रव खळखळला.

"ही थोरली, ही धाकटी," मावशी म्हणाली. "दोघी एकाच पद्धतीची कामं करतात, एकसारखं पुसतात, आणि दोघी कातडीतून आत शिरतात. तुमचे पातळ रबरी हातमोजे यांना पडद्यासारखे वाटतात. पण आत गेल्यावर दोघींचे स्वभाव वेगळे. थोरलीचा थोडा भाग शरीरात मोडतो आणि श्वासातून बाहेर पडतो. त्याला वास लसणाचा."

गवय्याने स्वतःच्या तळहातावर फुंकर मारून हुंगलं. "म्हणजे मी निर्दोष?"

"घरी बायकोला सांग. यकृताच्या वाटेला थोरली सहसा जात नाही. पण म्हणून तिला डोक्यावर बसवू नका, वाटेत दुसरं काही घातक असेल तर त्यालाही ती हाताला धरून आत नेते. आता ही धाकटी. हिला वास जवळजवळ नाही, थंडीत गोठत नाही, अगदी गुणी वाटते. पण हिला मोडायचं काम यकृताकडे येतं आणि मोडता मोडता यकृतच पोळतं. भूक जाते, पोट दुखतं. आणि अशा माणसाने दारूचा एक घोट घेतला तरी चेहरा लाल होतो, छाती धडधडते, ओकारी येते. कारण दारू पचवायची वाट हिने अडवलेली असते. हेडमास्तर, पट्टीच्या पिणाऱ्याला एका घोटाने काय होणार होतं? तुम्ही जो पुरावा म्हणून धरलात, तोच याच्या बाजूचा साक्षीदार होता."

मावशी भाऊजींकडे वळली.

"लसणाचा वास गेला, सकाळी कॅन वितळवत बसावं लागेना, आणि पिंप रिकामं होत गेलं. भाऊजी, धाकटी तुम्हीच काढून वापरत होतात ना?"

भाऊजींनी मान हलवली. "थंडी सुरू झाल्यापासून. वास थोरली आल्यावरच सुरू झाला होता. मला वाटलं, दोन्ही सारखीच. इतकी वर्षं हीच तर वापरत होतो."

"तेव्हा तोटी मशीन आपोआप धुवायचं," मालकीणबाई हळूच म्हणाल्या. "हाताने पुसायचं काम थोरली आल्यावर सुरू झालं. चूक माझीही आहे. मी 'आता ही वापरा' एवढंच सांगितलं. का, ते सांगितलं नाही. आदेश आला की आदेश पुढे ढकलायचा, एवढंच मी शिकले."

"पण का?" जाऊबाईने भाऊजींना विचारलं. "मी कधी म्हटलं होतं का तुला वासाचं?"

भाऊजी जमिनीकडे बघत राहिले.

"ते सांगणार नाहीत," मावशी म्हणाली. "त्यांना दारुडा ठरवलं, लग्न मोडलं, तरी सांगितलं नाही. हेडमास्तर, पहिल्या भेटीनंतर तुम्ही त्यांना बाजूला घेतलंत. काय म्हणालात?"

हेडमास्तर पुस्तकातलं वाचावं तसे म्हणाले, "म्हणालो, असल्या तोंडाचा माणूस माझ्या मुलीशेजारी बसलेला मला चालणार नाही. पुढच्या भेटीपर्यंत वास गेला पाहिजे, नाहीतर येऊ नकोस."

जाऊबाईचा चेहरा पांढरा पडला. ती वडिलांकडे न बघता भाऊजींसमोर जाऊन उभी राहिली. "तू मला का नाही सांगितलंस?"

"तुझे वडील आहेत," भाऊजी म्हणाले. "त्यांच्या बोलण्याचं मला काय, मी ऐकून घेतलं असतं. तुमच्या दोघांत बोलणं बंद पडलं असतं तर ते मी कसं जोडणार होतो?"

मी कात्रीच्या धंद्यातली बाई, सहसा डोळ्यांतून पाणी काढत नाही. त्या दिवशी काढलं. मावशीनेही नाक पुसलं आणि थंडीला नावं ठेवली.

"यकृत पूर्ववत होईल का?" हेडमास्तरांनी विचारलं.

"यकृत मोठ्या मनाचं असतं. धाकटीला दूर ठेवलं तर बहुतेक सावरेल."

हेडमास्तरांनी मान डोलावली, मुलीकडे एकदा पाहिलं आणि एकटेच बाहेर निघून गेले.

६

पिंप त्याच दिवशी गेलं. मालकीणबाईंनी जाड, खास कामाचे हातमोजे आणले, तोटीवर हवा ओढणारा पंखा बसवला आणि प्रत्येक द्रव काय करतो हे मावशीला सगळ्यांना समजावून सांगायला लावलं. गवय्याने त्यावर गाणं रचलं. चाल वाईट होती, पण सगळ्यांना पाठ झालं.

घरी भाऊजींची भूक परत आली. आधी भात संपायला लागला, मग भाजी, मग सासूबाई कौतुकाने वाढायचं थांबवून काळजीने बघायला लागल्या. जाऊबाई रोज येऊन बसायची. ती म्हणाली, वडील येवोत न येवोत, मी लग्न करणार. भाऊजी म्हणाले, तुझे वडील आल्याशिवाय मी उभा राहणार नाही. दोघंही हट्टी, आणि हेडमास्तरांकडून निरोप नाही. ते घरात फक्त वाचत बसतात, एवढंच ती सांगायची. आम्ही सगळे वरून हसत होतो आणि आतून घाबरलो होतो.

पुन्हा रक्त तपासल्याच्या दुसऱ्या दिवशी आमचे हे कागद आणायला प्रयोगशाळेत गेले आणि हात हलवत परत आले.

"कोणीतरी आधीच नेला म्हणे."

तेवढ्यात दार वाजलं. दारात हेडमास्तर. कपडे कडक इस्त्रीचे, हातात तो कागद, मागे जाऊबाई ओठ दाबून उभी. आत या म्हटलं तरी ते आले नाहीत. उंबऱ्यावर उभं राहून, चष्मा लावून, भरल्या वर्गासमोर वाचतात तशा आवाजात त्यांनी वाचलं.

"पहिला आकडा, मर्यादेत. दुसरा आकडा, मर्यादेत." त्यांनी कागदाची घडी केली. "यकृत, उत्तीर्ण."

मावशी टाळ्या वाजवायला लागली. सासूबाई देवाला हात जोडायला गेल्या. भाऊजी उठून उभे राहिले, पण पुढे सरकेनात. हेडमास्तरही जागचे हलेनात. उंबऱ्याच्या अलीकडे एक, पलीकडे एक.

मग जाऊबाईने मागून विचारलं, "आणि वडील?"

सगळं घर भाऊजींकडे बघायला लागलं. हेडमास्तरांनी चष्मा काढून हातात धरला. एवढ्या वर्षांत निकाल ऐकायला ते पहिल्यांदाच उभे होते.

भाऊजींनी मुद्दाम वेळ घेतला.

"काठावर पास," ते म्हणाले, आणि सासऱ्यांचा हात धरून त्यांना घरात घेतलं.